आईला बसवून पाहिलेली गाडी

आमची जुनी गाडी लहान होती आणि आईला ती लागायची. सिडकोतल्या घरातून निघालो की हर्सूलचा तलाव मागे पडायच्या आत ती पदर नाकाला लावायची. त्यामुळे सोयगावला, तिच्या माहेरी, ती कित्येक वर्षं गेली नव्हती. तिथं माझी मावशी राहते. दोघी बहिणी रोज फोनवर बोलायच्या, पण लग्नाचं, बारशाचं आमंत्रण आलं की आई म्हणायची, "तुम्ही जाऊन या. माझा आशीर्वाद सांगा."

शेवटी आम्ही जरा मोठी गाडी घ्यायचं ठरवलं. नवी परवडणारी नव्हती. जालना रोडवर बऱ्याच जुन्या गाड्या पाहिल्या. सगळ्या चकचकीत पुसलेल्या, आणि प्रत्येक गाडी म्हणे कुठल्या ना कुठल्या डॉक्टरनं वापरलेली. मग फोनवर एक जाहिरात दिसली. सिल्लोडची राखाडी गाडी, लांब, मागे मोठी डिकी असलेली. फोटोत ती लिंबाखाली उभी होती आणि टपावर लिंबाचा पाला तसाच पडलेला होता. मला तेच आवडलं.

रविवारी ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन नवरा आणि मी गेलो. मालक सत्तरीचे, आयुष्यभर कापसाचा व्यापार केलेले. त्यांनी किल्ली नवऱ्यापुढं धरली. नवऱ्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. "असं व्हय," म्हणत त्यांनी ती माझ्या हातात दिली.

मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं, एक चक्कर मारून आणली आणि मान डोलावली. तोवर मालकांनी सहज विचारलं, "घरात कोण कोण हाय?" मी आईचं सांगितलं.

"मग अम्मा कुठं आहेत?"

"घरी. तिला गाडी लागते ना."

"ज्यांच्यासाठी घेता त्यांनाच बसवून बघितलं नाय? रिकामी गाडी सगळ्यांनाच बरी वाटते, ताई. जा, हीच गाडी नेऊन घेऊन या त्यांना. तुमची गाडी राहू द्या इथं."

आमची पहिलीच भेट होती. त्यांनी आधी ना आमचा पत्ता विचारला होता, ना काही कागद मागितला होता.

मेकॅनिकला गॅरेजवर सोडून घरी पोचलो तेव्हा आई चपात्या लाटत होती. ऐकल्यावर म्हणाली, "नको बाई. परक्याच्या गाडीत ओकले म्हंजे?"

"ओकलीस तर धुऊन देऊ," मी म्हणाले. पिशव्या, लिंबू, पाण्याची बाटली घेतली आणि तिला पुढं बसवलं. माझी मुलगी आणि नवरा मागं. मी सावकाश चालवत होते. आई सुरुवातीला डोळे मिटून बसली. फुलंब्रीच्या पुढं तिनं ते उघडले. मग काच खाली करून म्हणाली, "मका बरा आलाय यंदा." मी समोर बघून चालवत राहिले. बोललं तर आपण गाडीत आहोत हे तिच्या लक्षात येईल, अशी मला भीती वाटत होती.

सिल्लोडला मालकांच्या बायकोनं आईचा हात धरून तिला घरात नेलं. चहा घेताना मालकांनी विचारलं, "कसं वाटलं अम्मा?"

"ढवळलं नाय," आई म्हणाली. तिला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं.

किमतीवरून फारशी घासाघीस झालीच नाही. निघताना मी विचारलं, इतकी जपलेली गाडी का विकता? ते म्हणाले, "रात्री समोरनं एक गाडी आली की मला दोन दिसतात. एक दिवस बायकोच म्हणाली, आता बस."

गाडी नावावर झाल्यावर मी आईला घेऊन सोयगावला निघाले. सिल्लोडपर्यंत ती बोलत होती. अजिंठ्याच्या घाटात मात्र दुसऱ्याच वळणावर म्हणाली, "थांबव." मी कडेला घेतली. तिला उलटी झाली. पाठ चोळून मी विचारलं, "परत फिरायचं का?"

तिनं चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं. "आता उतारच हाय ना? चल."

मावशी गावाच्या तोंडाशी येऊन उभी होती. आईला पट्टा सोडता येईना, तेव्हा तिनं खिडकीतूनच आत वाकून आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"लई वाळलीस गं."

"तू काय जाड झालीस?"

दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रडलं कुणीच नाही. मावशी म्हणाली, "मला बी बसू दे की." मी पट्टा सोडला, तशी आई उतरून तिच्याजवळ मागं जाऊन बसली. मी त्यांना त्यांच्या शाळेवरून नेलं, बाजाराच्या मैदानाला वळसा घातला. मागं हळू आवाजात बोलणं चाललं होतं. बहुतेक नावं मला माहीत नव्हती, आणि त्यातली पुष्कळशी माणसं आता नव्हती.

मावशीच्या दारात गाडी थांबवली. आतून भाकरीचा वास येत होता, सून ताटं मांडत होती. उतरायचं सोडून मावशी म्हणाली, "नदीकडनं नाय नेलंस." आईही उतरली नाही. मी गाडी वळवली.