दहावा चेंडू

त्याचं खरं नाव आईवडिलांनी मोठ्या हौसेनं ठेवलं होतं, पण ते आता फक्त बँकेला आणि दवाखान्याला ठाऊक. बाकी सगळे त्याला बाकोबा म्हणतात. फुटबॉलच्या एका मोठ्या क्लबात तो अठरा वर्षं दुसरा गोलकीपर होता. पहिला गोलकीपर मैदानात खेळतो आणि दुसरा बाकावर बसतो, पहिल्याला काही झालंच तर उठायचं म्हणून. आता पहिल्याला काही होतच नाही, त्याला कोण काय करणार? देव जसा एका जागी बसून सगळ्यांचं बघतो तसा हा बाकावर बसून बघायचा, म्हणून पोरांनी नाव ठेवलं बाकोबा. ते असं चिकटलं की एकदा सासरेसुद्धा चुकून तसंच म्हणून गेले आणि मग दिवसभर तोंड लपवत फिरले.

अठरा वर्षांत स्पर्धेच्या सामन्यात तो किती मिनिटं खेळला? शून्य. तुम्ही म्हणाल, थापा मारतोय. मारत नाही. पहिल्या गोलकीपरला साधी सर्दी होत नसे. एकदाच काय ते त्याचं पोट बिघडलं, बाकोबाने हातमोजे चढवले, देवाचं नाव घेतलं, आणि स्टेडियमचे दिवे गेले! सामना रद्द. पुढच्या आठवड्यात तो गडी पुन्हा ठणठणीत. असं नशीब असतं एकेकाचं, सांगून कुणाला पटत नाही.

गोलात तो उभा कसा राहिला, तर थोरल्या भावामुळे. दोन विटा ठेवायच्या आणि धाकट्याला मध्ये उभा करायचा, हा नियम सगळीकडे सारखाच. धाकट्याला चेंडू मारायला मिळत नाही, खायला मिळतो. पण या धाकट्याला ते आवडलं. सोळाव्या वर्षी क्लबाच्या माणसाने त्याला उचललं, विसाव्या वर्षी मोठ्या संघात घेतलं, आणि बाकावर बसवलं. तिथून तो उठला तो अडतिसाव्या वर्षी.

बायको त्याला चष्म्याच्या दुकानात भेटली. ती तिथे नजर तपासायची. याने दाराशी उभं राहूनच तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचून दाखवली. ती म्हणाली, "एवढी नजर असून करता काय?"

"बसतो," तो म्हणाला.

ती हसली आणि फसली. पुढे तिच्या वडिलांनी विचारलं, जावई काय करतात, तर तिनेही तेच उत्तर दिलं. वडील आठवडाभर जेवले नाहीत नीट.

पण तो नुसता बसत नव्हता, हेच तर लोकांना सांगून कळत नाही. पेपरवाल्यांना तर मुळीच नाही. सामना असतो आठवड्यातून एक, सराव रोज. आणि सरावात पेनल्टी अडवायला उभं कोण राहणार? पहिला गोलकीपर? छे! त्याची बोटं म्हणजे क्लबाचा ठेवा. मग उभा राहायचा बाकोबा. रोज संध्याकाळी एकेका खेळाडूने दहा पेनल्ट्या मारायच्या. नऊ चेंडू तो जीव तोडून अडवायचा, कुणाची गय नाही. दहावा मात्र सोडून द्यायचा.

हा त्याचा स्वतःचा नेम होता, कुणी सांगितलेला नव्हे. दुसऱ्याच वर्षी एक नवा पोरगा आला होता. बाकोबाने त्याचे दहाच्या दहा अडवले आणि खूश होऊन घरी गेला. पोरगा मात्र कपडे बदलायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला, आणि त्या रविवारी त्याचा पाय चेंडूला धड लागेना. बाकोबाला फार लागलं ते. घरी येऊन बायकोला म्हणाला, "हुकलेला चेंडू घेऊन घरी गेलेल्या माणसाला घास गिळत नाही गं."

तेव्हापासून दहावा ज्याचा त्याला. आणि तोही असा सोडायचा, की सोडलाय हे कुणाच्या बापाला कळू नये. झेप तीच, लांबी तीच, फक्त अर्धा श्वास उशिरा. बोटांची टोकं चेंडूला घासायची आणि चेंडू जाळीत! मारणाऱ्याची छाती फुगायची. अडवायला एक हुनर लागतं, तर असा सोडायला दोन लागतात. हे गुपित घरात दोघींनाच माहीत, बायकोला आणि लेकीला. लेकीला कसं, तर ती लहानपणी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत त्याच्याशी खेळायची, आणि नवव्या वर्षी तिने त्याला रंगेहाथ पकडलं. "बाबा, शेवटचा तुम्ही मुद्दाम सोडता!" दोन दिवस बोलली नाही. मग त्याने तिला सगळं सांगितलं.

या सगळ्या पोरांत त्याचा लाडका होता तोफ्या. मारायचाच तसा, म्हणून ते नाव. सहा वर्षं त्याने बाकोबासमोर पेनल्ट्या मारल्या. पुढे नाव झालं, भिंतीभिंतीवर फोटो लागले, मुलाखती सुरू झाल्या. प्रत्येक मुलाखतीत गडी ठासून सांगायचा, "सरावातला दहावा चेंडू मी आजवर एकदाही हुकवलेला नाही. दबाव आला की मी फुलतो." टीव्हीसमोर बायको बाकोबाकडे बघायची, बाकोबा ताटाकडे बघायचा. मग गेल्या वर्षी तोफ्या एका प्रतिस्पर्धी क्लबात गेला. जाताना याच्या गळ्यात पडून रडला, ते खरं.

आणि बाकोबाचं स्वतःचं नाव कधी झालंच नाही का? झालं की! तीन वर्षांपूर्वी. मोठा सामना, लाखो लोक टीव्हीपुढे, आणि कॅमेरा बाकावर आला त्याच क्षणी याने जांभई दिली. अशी तशी नाही, पडजीभ दिसेपर्यंत. लेकीला ताप होता, दोन रात्री तो तिच्या उशाशी बसलेला होता. पण जांभईखाली असं कोण लिहितो? लोकांनी लिहिलं, 'आरामाचा पगार'. दुसऱ्या दिवशी ती जांभई फोनाफोनांवर होती. तो स्वतः पोट धरून हसला. लेक हसली नाही. शाळेत मुलींनी तिला बघून जांभया द्यायला सुरुवात केली, आणि त्या दिवसापासून तिने मैदानात पाऊल टाकलं नाही.

बाकोबाला आयुष्यात कमी काही नव्हतं. खाऊनपिऊन सुखी, निजायला सात मिनिटं लागत नसत. पुढचंही ठरलं होतं: मोसम संपला की मुलींच्या शाळेत गोलकीपिंग शिकवायचं. एकच सल होता. लेकीने आपल्याला जांभई देताना पाहिलं, गोलात उभं राहिलेलं नाही. एकदा, एकदाच तिने ते बघावं. मग काय वाट्टेल ते होऊ दे.

मोसमातल्या शेवटच्या सामन्याच्या आठवड्यात प्रशिक्षक सरांनी त्याला बोलावलं. "शेवटची पाच मिनिटं तुझी. पण दोन गोलने पुढे असलो तरच. जीव नको टांगणीला लावायला."

त्याने घरी सांगितलं, तेही पाण्याचा पेला विसळत, सहज सांगितल्यासारखं. लेक चौदाची झाली होती. ती म्हणाली, "मी येईन." एवढंच. बाकोबाचा पेला तीन वेळा विसळून झाला तरी तो विसळतच होता.

सामना दुपारचा, समोर तोफ्याचाच क्लब. नव्वदपैकी पंच्याऐंशी मिनिटं झाली आणि बाकोबाचा संघ पुढे होता एकाच गोलने. सरांनी बाकाकडे बघायचंच टाळलं. बाकोबाला राग नाही आला. सरांच्या जागी तो असता तर त्यानेही हेच केलं असतं. वर तिसऱ्या रांगेत बायको आणि लेक बसल्या होत्या. त्याने तिकडे बघून खांदे उडवले, लेकीनेही उडवले, आणि मनातल्या मनात त्याने त्या पाच मिनिटांवर पाणी सोडलं.

तेवढ्यात तोफ्या चेंडू घेऊन सुटला. दोघांना चकवून आत घुसला. पहिला गोलकीपर वाघासारखा त्याच्या पायांवर पडला, चेंडू निसटला, तोफ्या आडवा. रेफ्रीची शिट्टी. पेनल्टी! तोफ्या गुडघे झाडत उठला, पण पहिला गोलकीपर उठला तो हात पोटाशी धरून. करंगळी भलत्याच बाजूला वळलेली.

"बाकोबा!" सर ओरडले. "ऊठ!"

अठरा वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो आला, आणि याला एक हातमोजा सापडेना. स्वतःच त्यावर बसला होता.

रेषेपाशी पहिला गोलकीपर भेटला. दुखण्याने डोळ्यांत पाणी, तरी म्हणाला, "खरं सांग, कधी माझं वाईट चिंतलंस?"

"एकदाच," बाकोबा म्हणाला. "आज पंच्याऐंशीव्या मिनिटाला."

"तुझ्या जिभेला काही हाड!" पहिला म्हणाला आणि हसत हसत कण्हला.

बाकोबा गोलात जाऊन उभा राहिला. समोर तोफ्या चेंडू ठेवत होता. ओळखीचा चेहरा बघून त्या पोराच्या जिवात जीव आलेला स्पष्ट दिसला. तो हसून म्हणाला, "दादा, हा माझा दहावा बरं का!"

झालं! बाकोबाला कळलं, हा कुठे मारणार. बाकीचे नऊ तोफ्या चार दिशांना फेकायचा, पण दहावा कायम एकाच जागी, गोलकीपरच्या उजव्या हाताला, खाली, खांबाला चिकटून. तिथे कधी हुकलाच नव्हता ना! जागा कळली, पण अंगाचं काय? सहा वर्षं याच्या दहाव्याला हे अंग अर्धा श्वास उशिरा पडलं होतं. डोकं म्हणेल पड, आणि हाडं म्हणतील, थांब जरा, पोराला जाऊ दे. घाबरला तो, खोटं कशाला बोलू. मग त्याने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. लेक उभी होती, दोन्ही हात तोंडावर.

'त्याचा असेल दहावा,' बाकोबा स्वतःला म्हणाला. 'माझा पहिला आहे.'

तोफ्या धावला. चेंडू निघाला, आणि बाकोबा वेळेवर पडला. मनगटावर असा फटका बसला की खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. मग जो गलका उठला, तो त्याला ऐकूच आला नाही म्हणतात. पुढे एक कॉर्नर झाला, एक लांब लाथ त्याने हाणली, आणि शिट्टी वाजली. शून्याची सहा मिनिटं झाली. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि दोन पावलांत खाली टाकलं, कारण वजन.

तासाभराने मैदान रिकामं झालं. दोघी खाली आल्या. लेकीने येऊन त्याच्या पोटाला मिठी मारली, चौदा वर्षांची मुलगी चारचौघांत मारत नाही तशी. रडलाच मेला, बायको सांगते.

तेवढ्यात ओल्या केसांनी, खांद्याला पिशवी लावून तोफ्या आला. चेहरा उतरलेला.

"दादा, अभिनंदन. मनापासून. पण..." तो घुटमळला. "दहावा माझा कधीच हुकत नव्हता रे. तुझ्यासमोर तर नाहीच. पुढच्या रविवारी आमची दुसऱ्या स्पर्धेची फायनल आहे. मला आता पायाचा भरवसाच वाटत नाहीये. मग तेव्हाचे ते सगळे दहावे..."

लेकीने तोंड उघडलं. बाकोबाने नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिने तोंड मिटलं.

"वेडा आहेस का?" बाकोबा म्हणाला. "माझा पाय घसरला अरे. पडलो कुठेतरी आणि हात मध्ये आला. आंधळ्याच्या हाती लागलं, त्याचं काय घेऊन बसलास?"

"खरंच?"

"मग! हे बघ, बूट घाल. एक मार. रविवारी फायनलला असा हुकलेला चेंडू घेऊन जाऊ नकोस."

तोफ्याने पिशवी टाकली. बाकोबाने ओले हातमोजे पुन्हा चढवले आणि गोलात गेला. चेंडू निघाला तो तिथेच, उजवीकडे, खाली, खांबाला चिकटून. बाकोबाने झेप घेतली, पूर्ण लांबीची, तीच, तासाभरापूर्वीची. फक्त अर्धा श्वास उशिरा. बोटांची टोकं घासली आणि जाळी हलली.

"आईशप्पथ, लागला होता हात!" बाकोबा गवतात पडल्या पडल्या ओरडला. "काय मारतोस रे! थांबवायचा कसा माणसाने?"

तोफ्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका. त्याने बाकोबाला उठवायला हात दिला, पण हा म्हणाला, पडू दे जरा, वय झालं. तोफ्या पिशवी उचलून शीळ घालत निघून गेला.

लेक गोलाजवळ आली, फोन हातात धरून. "बाबा, हे बघा." फोटोत बाकोबा गवतात लांबलचक आडवा, हात पुढे, आणि चेंडू त्याच्या मागे जाळीत.

"अगं, हा कशाला काढलास? मघाचा नाही का काढलास, अडवलेला?"

"तो सगळ्यांनी काढलाय. मी हा माझ्या प्रोफाइलला लावणार, सगळ्यांना दिसेल असा."

"लोक म्हणतील, याने गोल खाल्ला."

"म्हणू देत," लेक म्हणाली आणि त्याच्या शेजारी गवतात बसली.