मालिकेतलं कुंकू

संत्र्याच्या पेटीत अंथरलेल्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, वास आला की पांढुर्ण्याचा माल भरायचा मांडव आठवतो, आणि तिथला एक दिवस. आदल्या दिवशी टीव्हीवरची रहस्यमालिका संपली होती. त्यातला बेपत्ता नवरा सापडलाच नाही, आणि शेवटी बायकोनं कुंकू पुसून टाकलं. पेट्या भरता भरता आम्ही बाया त्यावरूनच भांडत होतो. "बराबर केलं तिनं," मी ठासून म्हणाले, "मेलाच असन तो. इतक्या वर्सानं कोन वापस येते?" शेजारच्या काकूचा तणस पसरणारा हात थांबला. तिचा नवरा इटारसीच्या गाडीत बसून गेला, तो सहा वर्षं परतला नव्हता. "पन कोनाले इचारून पुसलं वं तिनं?" ती हळूच म्हणाली. मी खाली मान घालून पेटीत संत्री रचू लागले. पुढं म्हातारपणी काकू वारली, तेव्हाही तिच्या कपाळावर कुंकू होतं, आणि तिची माफी मागायचं माझं राहूनच गेलं होतं.