चाळीस वर्षांचा पाऊस आणि एक यादी

"तुमच्याकडे नेट नसतं," हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी म्हटलं की डोकं फिरतं. नेट असतं. मोताळ्यासारख्या लहान गावातही असतं. मी इथे घरी बसून एका संशोधनाचं काम करत होते आणि त्यावरच्या लेखात माझं नाव येईल, एवढ्या एकाच बोलीवर ते घेतलं होतं.

आम्हाला चाळीस वर्षांचा रोजचा पाऊस, म्हणजे त्याचे आकडे, एका परदेशी सर्व्हरवरून घ्यायचा होता. हा सर्व्हर मागितल्याबरोबर काही देत नाही. विनंती टाकली की नंबर देतो, सवडीने फाइल तयार करतो आणि तीन दिवसांनी पुसून टाकतो. पुण्याच्या आमच्या सहकारी साहेबांनी नियम न वाचता चाळीसही वर्षं एकदम मागितली. नकार आला तशी तीच विनंती पुन्हा पुन्हा ठोकली. आमचं सामाईक खातं दोन दिवस बंद पडलं आणि हे संशोधन चालवणाऱ्या सरांचा फोन आला तो मला! तुमच्या नेटनेच घोळ केला असेल, म्हणाले. साहेबांचा त्यांनी विषयच काढला नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही, इतका संताप आला.

खातं उघडल्यावर मी 'आर' या संगणकाच्या भाषेत लूप लिहिला, म्हणजे तेच काम फिरून फिरून करणारा छोटा प्रोग्रॅम. एका वर्षाची एक विनंती, एका वेळी पाचच, त्या तयार झाल्याशिवाय पुढची नाही, आणि मिळालेला नंबर तिथल्या तिथे यादीत. ही अक्कल आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीतली. तिथले चाचा प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी लावतात, मग लाइट कितीदा का जाईना, घोळ होत नाही. माझ्याकडेही दुपारी लाइट गेली, बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला. पण यादी शाबूत होती, त्यामुळे राहिलेल्या वर्षांपासून पुढे सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी चाळीसही फाइली तिकडे तयार झाल्या आणि त्याच सकाळी सरांचा मेल आला: नंबरांची यादी पुण्याला साहेबांना पाठवा, ते फाइली उतरवून घेतील. सोबत लेखाचा मसुदा होता. सरांच्या खाली साहेबांचं नाव. माझं कुठेच नाही. शेवटी आभारांत 'स्थानिक मदत' एवढे दोन शब्द. मी यादी न पाठवताच मेल बंद केला. दळण आणायला निघून गेले.

गिरणीत एक माणूस शेजाऱ्याचा डबा मागत होता. चाचांनी मान वर न करता सांगितलं, "ज्यानं डबा ठेवला त्यालेच देतो मी. त्याले पाठवा." तो कुरकुरत गेला.

घरी पोचले तर सरांचा फोन. यादी का पाठवली नाही, तुम्ही कामाची अडवणूक करताय. सरांशी आजवर मी शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलत आले होते. त्या दिवशी ते टिकलं नाही.

"चाळीस डबे म्या ठेवले, सर. मीच नेईन. माझं नाव काऊन नाही ते सांगा मले."

कसले डबे, त्यांनी विचारलं. मी समजावत बसले नाही. बोलता बोलताच मी लॅपटॉपवर पहिल्या वर्षाची फाइल उतरवायला लावली होती.

संध्याकाळी नवा मसुदा आला. माझं नाव होतं, तिसरं, साहेबांच्या खाली. मी लगेच एकोणचाळीस फाइली पाठवून दिल्या. चाळिसावी अजून माझ्याकडेच आहे; नाव साहेबांच्या वर गेलं की पाठवीन.