वेळेत सापडलेली गाठ

गणपतीआधी आमच्या लालबागच्या चाळीच्या मंडळाने फुकट आरोग्य तपासणी ठेवली होती. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांसाठी रक्ताची एक खास तपासणी होती, प्रोस्टेटच्या कॅन्सरची. मला काहीच होत नव्हतं. संपानंतर गिरणी गेली, तेव्हापासून दादरच्या दुकानात कापड मोजून फाडत होतो आणि दिवसभर उभा राहूनही ठणठणीत होतो. मी मागे सरकतोय हे बघून शेजारच्या खोलीतला मित्र ओरडला, "काय रे, संपात फुटला नाहीस, आता सुईला घाबरतोस?"

आमच्या चाळीत हे एवढं म्हटलं की बास. सगळ्यांनी हात पुढे केले, मीही केला.

रक्तातला आकडा माझाही वाढलेला निघाला, मित्राचाही. तो म्हणाला, "दुखत नाय खुपत नाय, मी नाय जाणार." त्याची बायको-पोरं भांडून थकली, हा गेला नाही. मी गेलो. तुकडा काढून तपासला, बारीक गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "वेळेत सापडली, नशीबवान आहात." ऑपरेशन झालं. त्यानंतर लघवीवर ताबा राहिला नाही. बायकोशी जे नातं होतं त्यातलंही काही गेलं. त्याबद्दल आम्ही दोघं बोलत नाही.

पुढे एका तरुण डॉक्टरने सांगितलं, "काका, अशा गाठी कित्येकांना असतात, मरेपर्यंत पत्ता लागत नाही. काहींचा मात्र जीव घेतात. तुमची कुठली होती, आता कुणीच सांगू शकणार नाही. धडधाकट माणसाची ही तपासणी करावी की नाही, यावर आमच्यातच वाद आहे."

मी "बरं" म्हणालो. राग यायला हवा होता, पण आतून नुसतं बधीर वाटत होतं. मित्र अजून धडधाकट आहे. त्याचा हेवा वाटतो आणि त्याची काळजीही वाटते. उद्याचं कुणी पाहिलंय?

लोकांच्या घरी भजनाला बसणं मी सोडलं. सतरंजी त्यांची, आपण कशाला भिजवायची? पण त्या वर्षी गणपतीत भजन आमच्याच खोलीत आलं. बायकोने माझ्या जागी सतरंजीखाली गुपचूप मेणकापड घातलं. त्याची कड बाहेर डोकावत होती. मित्राने ती पायाने आत सारली, टाळ माझ्या हातात कोंबले आणि म्हणाला, "बस रे."

बसलो. कितीतरी दिवसांनी मोकळ्या गळ्याने गायलो. खरंच बरं वाटत होतं. मग दुसऱ्या अभंगाला लेंगा ओला झाला. मी टाळ वाजवत राहिलो.

भजन संपलं, आरतीला सगळे उभे राहिले. घरच्या गणपतीसमोर मी एकटा मांडी घालून बसलेलो. कुणीतरी म्हणालं, "अहो, उभे राहा की."

"ह्यांचे गुडघे दुखतात," बायको म्हणाली आणि तिने माझ्या हातात घंटा दिली.