अर्धा आटा

सत्तरचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मेव्हण्यानं कुवेतहून रिमोटवर पळणारी गाडी आणली. आमच्या मुरमाड मैदानात ती दर खड्ड्याला उलटायची. मी यंत्रमागांचा मेकॅनिक. खडखडणारा माग आवळायचा, एवढंच मला ठाऊक. गाडीच्या स्प्रिंगांचे नट आवळले, तर ती जास्तच उडायला लागली. अजून आवळले, तर टणाटण उड्या मारत पालथी! माझं डोकंच फिरलं. पाना फेकून दिला.

बायको म्हणाली, “अहो, तो माग न्हाय. जरा ढिलं सोडा की.”

रागारागातच पाना उचलून सगळे नट सैल केले. गाडी खड्ड्यातून अलगद पार झाली. मग चाकं पुसताना स्प्रिंगचा एक नट हाताला सैल लागला आणि मी सवयीनं पान्यानं अर्धा आटा आवळलाच.

पुढच्याच खड्ड्यात गाडी पालथी.

बायकोनं पाना पदराखाली घेतला.