व्याह्यांच्या ड्रिलमधला बाप

या जगात अचानक असं काही घडतच नाही, आपण त्याचं ड्रिल घ्यायला विसरलेलो असतो एवढंच, असं मनापासून मानणारे एकच गृहस्थ माझ्या माहितीत आहेत आणि ते आमचे व्याही आहेत. रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत त्यांनी सगळी नोकरी सेफ्टी खात्यात काढली. भोंगा वाजवायचा, माणसं पळवायची, मैदानात उभी करून मोजायची आणि गॅस गळलाच नव्हता असं सांगून परत कामाला लावायची, हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने शाल दिली, श्रीफळ दिलं, पण भोंगा काही दिला नाही. म्हणून त्यांनी गळ्यात शिटी अडकवली. त्यांच्या अंगणात फणसाखाली चुन्याने एक मोठा गोल आखलेला आहे, तो असेंब्ली पॉइंट. घरात दूध उतू गेलं तरी शिटी होते आणि असेल त्याने असेल तसं गोलात येऊन उभं राहायचं असतं. लग्न जुळवायला आम्ही पहिल्यांदा रोह्याला गेलो तेव्हा चहाच्या आधी शिटी झाली. बायको आणि मी निमूटपणे उठून गोलात गेलो. मला वाटलं यांच्याकडची काही पद्धत असेल, म्हणून मी फणसाला नमस्कारही केला. व्याह्यांनी पुढे चार माणसांत माझी ओळख 'झाडाच्या पाया पडणारे आमचे मास्तर' अशीच करून दिली.

त्यांच्या ड्रिलमध्ये लटकेपणा नावाला नसतो. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्याचंही ड्रिल झालं. शेजारचे लोक त्यांना खाटेवरून उचलून फाटकापर्यंत आणणार आणि तिथून परत फिरवणार, असा बेत होता. व्याही खाटेवर इतके जीव तोडून कण्हले की रस्त्यावरून चाललेल्या रिक्षावाल्याने कुणाला काही न विचारता त्यांना आत घातलं आणि थेट दवाखान्यात नेलं. ते वाटेत ड्रिल आहे, ड्रिल आहे म्हणून ओरडत होते. रिक्षावाल्याला वाटलं वातात गेले. डॉक्टरांनी आलाच आहात तर करून टाकू म्हणून ऑपरेशन करून टाकलं. शुद्धीवर आल्यावर व्याही पहिलं वाक्य बोलले ते असं: "वेळ चांगली नोंदवली आपल्या लोकांनी." विहीणबाई अजून म्हणतात, यांच्या खऱ्या दुखण्याला मी येणारच नाय, मला ते खोटंच वाटणार.

आता मी कोण, तर पेणच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस. नकाशावर काठी टेकवून मी किती मुलांना मस्कत दाखवलं असेल त्याला गणती नाही, पण माझी मुलगी मेघना लग्न होऊन तिथे गेली तेव्हा लक्षात आलं की त्या टिंबाच्या आत माणसं राहतात हे मी कधी शिकवलंच नव्हतं. जावई, म्हणजे व्याह्यांचा मुलगा, तिथे एका गोदामावर सुपरवायझर आहे. पहिलं बाळंतपण माहेरी या रिवाजाने सातवा लागताच मेघना पेणला आली, यथासांग नात झाली, आणि मग जावयाने फोनवर जे सांगितलं त्याने डिंकाचे लाडू आमच्या घशातच अडकले. मस्कतचा परवाना घेऊन राहणारं माणूस सलग सहा महिने बाहेर राहिलं की त्याचा परवाना जातो. मेघनाचे निम्मे महिने बाळ यायच्या आधीच सरले होते. उरलेल्यात नातीला इथला पासपोर्ट मिळायला हवा होता आणि त्यावर तिथे राहायचा परवाना. नाही मिळाला, तर तान्ही पोर आमच्या ओटीत टाकून मेघनाने एकटीने विमानात बसायचं, नाहीतर परवान्यावर पाणी सोडून इथेच राहायचं आणि पुन्हा कधी जमेल तेव्हा जमेल. तिकडे जावयाने स्वतःच्या मुलीला पाहिलं होतं ते फोनच्या काचेतून. एकदा तर तो बराच वेळ कौतुकाने माझ्या टकलाशीच बोलत होता, कारण फोन मी धरला होता.

कागदपत्रांची कामं आधी माझ्याकडे होती. बारशाला आत्याने कानात नाव सांगितलं, मी ते नगरपरिषदेत नेऊन जन्मदाखल्यावर चढवलं आणि प्रेमाच्या भरात, दाखला चुरगळू नये म्हणून, त्याला प्लास्टिकचं जाड लॅमिनेशन करून आणलं. परदेशात दाखला चालायचा तर त्यावर सरकारी शिक्के लागतात, आणि प्लास्टिकवर शिक्का म्हणजे अळवावरचं पाणी. मी सुरीने प्लास्टिक सोलायला बसलो तर प्लास्टिकबरोबर नातीचं नावही सोलून आलं. हे रोह्याला कळलं आणि व्याही मिळेल त्या एसटीने पेणला हजर झाले. अंगणात उभं राहून त्यांनी शिटी वाजवली. "मास्तर, आज दाखल्याला कव्हर घातलंत, उद्या पोरीला घालाल," ते म्हणाले. "आता सगळं माझ्याकडे. तुम्ही फक्त सांगतो तिथं उभं राहायचं." मी नवा दाखला काढून आणला, तो उघड्या हाताने त्यांच्या स्वाधीन केला आणि पदमुक्त झालो.

पहिलं ड्रिल फोटोचं. पासपोर्टला पांढरी पार्श्वभूमी, उघडे डोळे आणि कोरा चेहरा लागतो. गालावरची काजळाची तीट पुसायची म्हटल्यावर विहीणबाईंनी रोह्याहून निरोप पाठवला की सरकारला म्हणावं पोरीला दृष्ट लागली तर तुम्ही येणार काय उतरवायला. शेवटी तीट तळपायाला लावून तह झाला. चेहरा कोरा ठेवण्याचं ड्रिल आठवडाभर चाललं, पण तान्ह्या बाळाला दोनच चेहरे येतात, एक झोपेचा आणि एक भुकेचा. स्टुडिओत ती डोळे उघडेना, तेव्हा व्याह्यांनी शिटी फुंकली. नातीने डोळे टक्क उघडले, फोटोग्राफरने बटण दाबलं, आणि शेजारच्या पापडवाल्या बाया दुकान टाकून रस्त्यावर आल्या. फोटो नियमात बसला. फक्त त्यात नात अशी दिसते की जणू तिने नुकतीच गॅसगळती पाहिली आहे.

मग आलं ते मोठं ड्रिल, पासपोर्ट ऑफिसचं. ते रोह्यालाच, व्याह्यांच्या ओटीवर. टेबल मांडलं, टेबलामागे स्वतः व्याही अधिकारी. विहीणबाई दारावरच्या सिक्युरिटी. त्या सगळ्यांच्या पिशव्या उचकून आतली केळी जप्त करीत. मेघना मेघनाच. बाळाची झोप मोडू नये म्हणून तिच्या हातात बाळाच्या वजनाची पेणच्या पोह्यांची पिशवी, टोपडं घातलेली. प्रश्न उरला बाळाच्या बापाचा, तो तर मस्कतला. मी म्हटलं, तेवढी जागा मोकळी ठेवू, त्याचं संमतिपत्र वकिलातीचा शिक्का मारून आलेलं आहेच. व्याह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गॅसच्या टाकीशेजारी विडी पेटवली आहे. "ड्रिलमध्ये जागा रिकामी ठेवायची नाय," ते म्हणाले. "तुम्ही बाप."

झालं, मी बाप झालो. बाळाचे वडील कोण, मी. कुठे असता, मस्कतला. काय करता, गोदामावर सुपरवायझर. पत्नी कुठे असते, पेणला माहेरी. शेवटच्या उत्तराला माझी बायको चुलीपाशी खोकायची. मी अडखळलो की व्याही पेन आपटून म्हणत, बाप असून अडखळता म्हणजे काय, संशय येतो माणसाला. छाती पुढे काढून, समोर बघून, खणखणीत बोलायचं. मधेच ते टेबलावर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी ठेवून खरोखर आत जाऊन जेवून यायचे आणि आम्ही पोहे मांडीवर घेऊन ताटकळत बसायचो. रोज संध्याकाळी पेणहून गाडी करून रोह्याला जायचं, बाप व्हायचं आणि परत यायचं. मी झोपेतसुद्धा गोदामाचा हिशेब देऊ लागलो.

ठरल्या दिवशी आम्ही निघालो. ऑफिसच्या दारावर खऱ्या सिक्युरिटीने व्याह्यांना बाहेरच थांबवलं. बाळ, आई आणि मदतीला एकच माणूस, म्हणजे मी, आत. वर त्यांची शिटीही काढून टोपलीत ठेवली. शिटी गेल्यावर व्याह्यांचा चेहरा कवळी काढल्यासारखा दिसू लागला. आत खिडकीवर एक शांत, चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी कागद चाळले आणि मान वर न करता विचारलं, "बाळाचे वडील?"

मी छाती पुढे काढली, समोर पाहिलं आणि खणखणीत म्हणालो, "मी."

बाईंनी मान वर केली. माझ्या टकलाकडे पाहिलं, मेघनाकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "आणि या कोण?"

"माझी मुलगी," मी म्हणालो. हेही खरंच होतं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. सावरून घ्यावं म्हणून मी घाईघाईने सांगितलं की मी मस्कतला असतो. मेघनाने बाळाच्या दुपट्यात तोंड खुपसलं होतं. ती रडते आहे असं बाईंना वाटलं आणि प्रकरण आणखी गंभीर झालं. त्यांनी फाइल मिटली, बाजूला ठेवली आणि आम्हाला साहेबांकडे बसवलं. तिथल्या बाकावर मेघनाचं हसू ओसरलं. फाइल आज परत आली तर नवी तारीख कधी मिळेल कुणास ठाऊक, आणि तिच्या हातात दिवस उरले होते थोडेच. ती म्हणाली, "बाबा, हिला ठेवून मला जावं लागलं तर?" मी तिच्या हातातून बाळ घेतलं आणि दुपट्याची टोकं नीट करत बसलो.

साहेबांनी सगळा गोंधळ ऐकला आणि ड्रिल घेणाऱ्या माणसालाच आत बोलावलं. व्याही आले. घाम फुटलेला, हात गळ्याशी शिटी शोधत होता. साहेबांनी विचारलं, हा काय प्रकार आहे. अन् आमचे व्याही, ज्यांनी दूध उतू जाण्याचंही ड्रिल घेतलं होतं, ते नुसते उभे राहिले. याचं ड्रिल झालेलं नव्हतं. मग एकदम म्हणाले, "साहेब, सांगता नाय यायचं. करून दाखवतो." आणि साहेबांच्या पुढ्यातल्या खुर्चीत बसून त्यांनी सुरुवात केली. तेच अधिकारी, तेच प्रश्न, तेच पेन आपटणं. मी बाप, खणखणीत. मेघनाच्या हातात या वेळी पोह्यांऐवजी खरं बाळ. आजूबाजूचे कारकून उठून आले, खिडकीवरच्या बाईही आल्या. सगळं रीतसर चाललं होतं, आणि मग सवयीने व्याह्यांनी साहेबांच्याच टेबलावरची फाइल उचलून पाटीसारखी उभी केली, जेवणाची सुट्टी म्हणाले आणि उठून चालू लागले. दारापाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण कुठे आहोत ते. पाठमोरेच थिजले.

साहेबांनी ती फाइल आपल्याकडे ओढली, जावयाचं संमतिपत्र काढलं, त्यावरचा फोटो माझ्या टकलाशी ताडून पाहिला आणि खाली सही केली. मग म्हणाले, "खऱ्या बापाला सांगा, पासपोर्ट येईल घरी." खिडकीवरच्या बाई हसून हसून पदराने डोळे पुसत होत्या. व्याही बाहेर येऊन पायरीवर बसले, शिटी परत गळ्यात घातली आणि मला म्हणाले, "मास्तर, बाप म्हणून तुम्ही चोख. माणूस म्हणून अजून तालीम लागेल."

पासपोर्ट आला. काही दिवसांनी मस्कतहून राहण्याचा परवानाही आला, मेघनाचे दिवस संपायच्या काठावर. व्याह्यांनी त्याची रंगीत प्रत काढली आणि मला ती लांबूनच दाखवली. तिकिटं झाली. रोह्यात घरोघरी पेढे गेले. व्याही सांगत फिरत होते की नात आता तिथली रहिवासी झाली, पक्की, शिक्क्यासकट. सांगता सांगता एका घरी मधेच थांबले आणि पेढ्याचा पुडा तिथेच विसरून आले.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना रोह्याला बोलावलं. विमानतळाचं ड्रिल. ओटीवरून माजघरात जायचं दार हे विमानतळाचं दार. मला दारावर तिकीट बघणाऱ्याचं काम दिलं होतं, शक्यतो न बोलण्याच्या अटीवर. व्याही पहिल्यांदाच अधिकारी नव्हते. ते आजोबा होते. बाळ त्यांच्या हातात. त्यांनी ते मेघनाकडे द्यायचं, तिने दारातून आत जायचं आणि दिसेनाशी होईपर्यंत आजोबांनी हात हलवायचा, एवढंच.

त्यांनी बाळ दिलं. मेघना आत गेली. व्याही हात वर करून उभे राहिले. जरा वेळाने म्हणाले, "नाय जमलं. पिशवी डाव्या खांद्याला पायजे. चल गो, पुन्हा." मेघना बाहेर आली, बाळ त्यांच्या हातात दिलं, परत घेतलं, आत गेली. दुपटं लोंबत होतं, पुन्हा. चाल घाईची झाली, पुन्हा. विहीणबाई एरवी मधेच ओरडतात, पण त्या खांबाला टेकून बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. मग चुका सापडेनाशा झाल्या. दुपटं नीट होतं, पिशवी नीट होती, चाल नीट होती. तेव्हा व्याह्यांनी नुसतंच दाराकडे पाहिलं. मेघनाने ते बघितलं की नाही मला माहीत नाही, पण ती आपण होऊन बाहेर आली आणि बाळ पुन्हा त्यांच्या हातात ठेवलं. नातीने त्यांची शिटी मुठीत धरली होती. ती सोडवून घ्यायचं कुणाच्या मनात नव्हतं.

अंगणात ऊन उतरलं, आमच्या गाडीवाल्याने दोनदा हॉर्न दिला. व्याह्यांनी एकदाचं बाळ मेघनाकडे दिलं. "आता बरोबर झालं," ते म्हणाले. मेघना दाराशी आली, माझ्यासमोर तिकीट धरलं. मी ते उलटंसुलटं करून पाहिलं. मग न बोलण्याची अट मोडून म्हणालो, "नाव नीट वाचता येत नाही, ताई. मागे जा आणि पहिल्यापासून या."