सेंबाहेच्या डोंगराची चौथी ओळ

आमच्या बेटावरचा डोंगर पहिल्यांदा कधी फुटला ते कुणालाच ठाऊक नाही. २००६ पर्यंत लिहून ठेवलेलं होतं ते एवढंच, चार ओळी. पहिली १७८३ सालची, एका जहाजाच्या कप्तानाने लांबून बघून लिहिलेली. दुसरी १८३९ची, पाद्र्याची. तिसरी १९०४ची, सुकं खोबरं नेणाऱ्या एका व्यापाऱ्याची. तिच्यात मेलेल्या माणसांच्या आधी जळालेल्या माडांचा आकडा आहे. जो वाचला आणि ज्याला लिहिता येत होतं, त्याने लिहिलं.

चौथी ओळ १९७१ची. ‘मृत त्रेसष्ट. पहारेकरी जागा सोडून पळाला होता. गावाला इशारा मिळाला नाही.’

हा पळालेला पहारेकरी म्हणजे मेसाक लावेंदातू, माझा सख्खा मामा. आणि दोर्सिला ही त्याची मुलगी.

मामा डोंगराच्या खांद्यावरच्या झोपडीत राहायचा. धूर कसा आहे, तळ्याचं पाणी किती तापलंय, जमीन किती वेळा हलली, हे सगळं वहीत लिहायचा. खाली कोंडवाडीत मामी आणि धाकटा मुलगा असायचे. त्या वर्षी तळ्याच्या काठची झाडं उभ्या उभ्या वाळली, तेव्हा मामा दोनदा खाली उतरून कपितालाउ एलिफासला सांगून गेला. कपितालाउ म्हणजे गावचा प्रमुख. गाव हलवायचा हुकूम त्यानेच द्यायचा, दुसऱ्या कुणी घंटा वाजवायची सोय नव्हती. पण खोबऱ्याचं जहाज लागलेलं होतं. माणसं पळाली असती तर पोती कुणी चढवली असती?

तिसऱ्या वेळी मामाने चिठ्ठी लिहिली आणि दोर्सिलाच्या हातात दिली. ती तेव्हा अकरा वर्षांची. डोंगर उतरून ती धावत किनाऱ्यावर आली. एलिफास पोत्यांच्या शेजारी बसून जेवत होता. त्याने चिठ्ठी वाचली, घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली.

“बापाला सांग, जहाज भरेपर्यंत जरा दम धर म्हणावं,” तो म्हणाला. मग पोर धापा टाकतेय असं बघून त्याने पानातला भाजलेल्या माशाचा तुकडा तिला दिला.

तिने तो खाल्ला. मोठेपणी एकदा मला म्हणाली होती, “नाहोर, आई गेली, भाऊ गेला, बाबा गेला, ते वेगळं. पण तो मासा मी खाल्ला रे. आणि चांगला लागला होता.”

दुपारी डोंगर फुटला. तोवर एलिफासची बायकामुलं मोठ्या होडीतून निघून गेली होती, अर्धी होडी रिकामी ठेवून. कोंडवाडी गाडली गेली. दोर्सिला किनाऱ्यावर होती म्हणून कुणीतरी तिला दंडाला धरून दुसऱ्या होडीत फेकलं. मामाचं प्रेत सापडलं नाही, झोपडीच सापडली नाही. प्रेत नाही म्हटल्यावर पळाला म्हणणं सोपं गेलं. चौकशीला साहेब आले तेव्हा लिहिता-बोलता येणारा एलिफासच पुढे होता. त्याने सांगितलं, साहेबांनी लिहिलं.

दोर्सिलाने चिठ्ठीचं सांगितलं नाही असं नाही. सगळ्यांना सांगितलं. “बापाची लाज झाकतेय बिचारी,” असं म्हणून बायका तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. तो हात तिला माराहून जास्त लागायचा.

दर वर्षी स्फोटाच्या दिवसानंतरच्या रविवारी चर्चमध्ये सगळ्या ओळी वाचून दाखवतात. ती पहिल्या बाकावर ताठ बसायची. बाहेर आलं की आम्ही पोरं ओरडायचो, “पळपुट्याची पोर! पळ, पळ!” त्यात मीही होतो. सख्खा आतेभाऊ. सगळ्यांत मोठा आवाज माझा असायचा, कारण मेसाक माझा मामा होता हे लोकांनी विसरावं असं मला वाटायचं.

एकोणिसाव्या वर्षी ती डोंगरावरच्या नव्या चौकीत स्वयंपाकाला लागली. लोक हसले. तिला चौकीतल्या नोंदवह्यांजवळ पोचायचं होतं, हे कुणाला कळलं नाही. बाहेरून येणारे निरीक्षक दोन वर्षंही टिकायचे नाहीत. एकाला थंडी बाधायची, दुसऱ्याला बायकोची आठवण यायची. हळूहळू यंत्राची सुई कशी वाचायची, तळ्यात तापमापी कशी सोडायची, हे ती शिकली. कागदावर मदतनीस, पण डोंगर बघायची तीच. लग्न ठरलं होतं एकदा. मुलाच्या आईने चौथी ओळ ऐकली आणि ते मोडलं.

२००६ साली, फेब्रुवारीत, तळं पुन्हा तापायला लागलं. दोर्सिलाने रोज कळवलं, वरून हुकूम आला, दोन दिवसांत गाव हलवायचं ठरलं. बेटावर सहा बोटी होत्या, त्यातली एक माझी. मी सात खेपा केल्या. आठवी शेवटची.

एलिफास पंच्याऐंशीचा झाला होता. त्याचा मुलगा युनुस आता कपितालाउ होता. पहिल्या खेपेपासून आम्ही म्हाताऱ्याला चला म्हणत होतो. “कपितालाउ सगळ्यात शेवटी निघतो,” असं म्हणून तो ओसरीवर बसून राहिला. जाणाऱ्यांना ते ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणायचा. शेवटी युनुस आणि दोघा जणांनी त्याला वेताच्या खुर्चीसकट उचलून आणलं. बोटीत अकरा माणसं बसली होती. माझी बायको मारसेलिना, तिच्या मांडीवर आमची नात.

बोटीत चढायच्या फळीजवळ दोर्सिला उभी होती, काखेत चौकीची नोंदवही.

“नाहोर, इंजिन बंद कर,” ती म्हणाली.

मला वाटलं काही राहिलं असेल. केलं बंद.

ती खुर्चीसमोर गेली. “तुमच्या हातात मी चिठ्ठी दिली होती का?”

युनुस खवळला. “अगं ए, ही काय वेळ आहे? डोंगर बघ तो!”

“पस्तीस वर्षं तोच बघतेय. तू गप्प बस. मी तुझ्या बापाशी बोलतेय.”

“कसली चिठ्ठी?” म्हातारा म्हणाला. “आता मला काही आठवत नाही, पोरी.”

“बरं,” ती म्हणाली आणि फळीवर बसली. “आठवेपर्यंत बसू.”

युनुसने तिला ढकललं. ती पडली, उठली, पुन्हा तिथेच बसली. “नाहोर, चालू कर रे! हिला ओढून बाजूला कर!” तो माझ्यावर ओरडला. माझा हात इंजिनच्या दोरीवर होता. मी ओढली नाही. मारसेलिना म्हणाली, “अहो, करताय काय? लेकरू आहे माझ्या मांडीवर!” तरी ओढली नाही. वरून बारीक राख पडायला लागली होती, नातीच्या केसांवर साखरेसारखी दिसत होती. मागे जमीन घुमत होती.

म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “दिली होतीस.”

“मोठ्याने.”

“दिली होतीस! झालं समाधान?”

“नाही. त्या दिवशी तुम्ही मला काय दिलं?”

तो अगदी हळू म्हणाला, “मासा.”

आठवत नाही म्हणणाऱ्याला मासा आठवत होता.

“आणि चिठ्ठीचं काय केलं?”

“पाण्यात टाकली. जहाज निघालं की सांगणार होतो. खरंच सांगणार होतो.”

“आणि माझा बाप?”

“वरच होता. पळाला नाही. जा, लिही जा. लिही!” म्हातारा रडायला लागला होता. तिने वहीत लिहिलं, त्याच्यापुढे धरलं, त्याने सही केली. मग ती बाजूला झाली आणि स्वतःच्या हाताने त्याच्या खुर्चीचा एक पाय धरून त्याला बोटीत चढवायला लागली.

आम्ही अर्धा मैल गेलो असू, नसू, तेव्हा डोंगर फुटला. गावातली वरची आळी जळून गेली. माणूस एकही गेला नाही.

आम्हाला ठेवलं त्या छावणीत युनुसने तक्रार केली. साहेब लोक आले, म्हणाले, धमकावून घेतलेली सही ग्राह्य धरता येत नाही. दोर्सिला हसली. तिने एक जुना पिवळा कागद टेबलावर ठेवला. मामा दर आठवड्याला वहीची नक्कल जहाजाबरोबर शहरात पाठवायचा. शेवटची नक्कल स्फोटाच्या आदल्या दिवशी दुसऱ्या होडीने गेली होती. ती शहरातून चौकीत आलेल्या एका जुन्या पेटीत दोर्सिलाला तीन वर्षांपूर्वी सापडली होती. त्यावर मामाच्या अक्षरात होतं, ‘प्रमुखांना दोनदा सांगितलं. जहाज भरेपर्यंत थांबा म्हणतात. उद्या मुलीला चिठ्ठी देऊन पाठवतो.’

मी चक्रावलो. “अगं, हे तुझ्याकडे होतं? मग किनाऱ्यावर ते सगळं कशाला केलंस?”

“कागदाने ओळ बदलली असती,” ती म्हणाली. “मला ते त्याच्या तोंडून हवं होतं. आणि घाबरलेल्या तोंडून हवं होतं.”

“आणि आम्ही? आम्ही अकरा जण होतो बोटीत.”

तिने तो कागद साहेबांच्या दिशेने आणखी पुढे सरकवला.

चौथी ओळ बदलली. आता ती ‘पहारेकऱ्याने तीनदा इशारा दिला, गावप्रमुखाने तो दाबला, पहारेकरी जागेवरच मृत’ अशी आहे. दोर्सिलाला मात्र बोट अडवल्याबद्दल चौकीतून काढून टाकलं. ते तिने एका शब्दानेही नाकारलं नाही. पाचवी ओळ नव्या निरीक्षकाने लिहिली, ‘मृत नाहीत. गाव वेळेत हलवलं.’ त्यात तिचं नाव नाही.

एलिफास छावणीतच वर्षभराने गेला. जाण्याआधी त्याने पाद्र्याला तिच्याकडे पाठवलं होतं, माफी मागायला. पाद्री म्हणाला, “माफ कर त्याला, तुझंच मन हलकं होईल.” ती कसाव्याचे कंद किसत होती. किसणं न थांबवता म्हणाली, “माझं मन हलकंच आहे, पाद्रीबाबा. त्याचं जड असेल तर असू दे.”

आता ती बंदरावर जायफळ वाळवायच्या शेडमध्ये काम करते. त्या रविवारी पहिल्या बाकावर बसते. बदललेली चौथी ओळ वाचली जाते तेव्हा लोक माना उंचावून तिच्याकडे बघतात, आणि ती मागे वळून एकेकाच्या डोळ्यांत बघते, आळीपाळीने, घाई न करता. तिची नजर माझ्याकडे येते तेव्हा मी मान खाली घालतो. मारसेलिना घालत नाही. त्या दिवसापासून ती दोर्सिलाशी एक शब्दही बोललेली नाही, आणि मला विचाराल तर दोघींपैकी कुणाचं चुकलं असं मी अजून ठरवू शकलेलो नाही.